बारीक अक्षरं वाचणारी कौसाआत्या

कौसाआत्या, तुला जाऊन सोळा दिवस झाले आणि तेवढ्यात लोकांनी तुला देवी करून टाकलंय. भेटायला येणारी प्रत्येक बाई सांगते, "कौसाबाईंचा हात कधी चुकला नाय. कुणाच्या तोंडाला काय लावायचं ते त्यांना जन्मापासूनच कळायचं." मी मान हलवते. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

कारण तुझा हात एकदा चुकला होता, आणि चांगलाच चुकला होता. मला तेच लिहायचंय. आपण दोघी त्या दिवसांबद्दल पुढं फारसं बोललो नाही. पण माझ्या आठवणीतली तू तिथूनच सुरू होतेस. त्याआधीची तू नुसती माझ्या बापाची बहीण होतीस, उस्मानपुऱ्यात दोन खुर्च्यांचं पार्लर चालवणारी.

मी बी.एस्सी.ला आले आणि तुझ्या पार्लरच्या मागच्या खोलीत राहायला लागले. दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्री घेतली होती आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं असा माझा समज होता. तुझं शिक्षण चौथी. काम शिकलीस ते दुसऱ्याच्या पार्लरमध्ये केर काढता काढता, बघून बघून. थ्रेडिंगचा दोरा तुझ्या दातात असा बसायचा की बाया म्हणायच्या, भुवई उपटली का नुसती फुंकर घातली ते कळत नाही. माल मात्र तू ऐकून घ्यायचीस. दर पंधरा दिवसांनी एक माणूस मोटारसायकलवर दोन पिशव्या अडकवून यायचा, प्रत्येक डबी हातात धरून तिचे गुण सांगायचा, आणि तू ते जसंच्या तसं गिऱ्हाइकाला सांगायचीस. मी एकदा म्हटलं, "आत्या, डबीवर काय लिहिलंय ते तरी बघत जा." तू म्हणालीस, "माणूस बोलायलाय की तोंडानं. डबी काय निराळं बोलणारंय?"

लग्नसराईचे दिवस होते. दुपारी दोनच्या सुमाराला दीपाली आली, पलीकडच्या गल्लीतली. सोबत तिची आई. दीपालीनं इथल्या सगळ्या पोरींसारखा तोंडाला घट्ट स्कार्फ बांधला होता, म्हणून आधी काही दिसलं नाही. तिनं तो सोडला आणि तुझ्या हातातला कंगवा थांबला. गाल लालभडक, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखे चकचकीत, हनुवटीवर बारीक काळी लव. ओठांच्या कडेला भेगा.

आई म्हणाली, "अकरा दिवसांवर लग्न आलंय. ब्लीच करा, फेशियल करा, काय करायचं ते करा, पण पोरगी गोरी दिसली पाहिजे."

तू एक बोट तिच्या गालाला लावलंस. ती चटका बसल्यासारखी मागं सरली.

"काय लावायलीस गं तोंडाला?"

दीपालीनं आधी आईकडं बघितलं, मग तुझ्याकडं. "काकू, तुम्हीच दिलेली ट्यूब. पाच महिने झाले. आधी लई छान उजळलं होतं. आता लावलं नाही की आग होते, आणि उन्हात गेलं की जास्तच."

तू मला हाक मारलीस. दीपालीनं पर्समधून काढलेली ती ट्यूब मी खिडकीपाशी नेऊन वाचली. तीन नावं होती. एक त्वचेचा रंग घालवणारं, एक कातडी सोलवटणारं, आणि एक स्टेरॉइड. मी म्हटलं, "आत्या, हे क्रीम नाही. औषध आहे. डॉक्टर एखाद्या आजाराला थोडे दिवस देतात, नजर ठेवून. रोज लावलं की सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून माणूस खूश होतं. मग कातडी पातळ होत जाते."

"हे सगळं ह्याच्यावर लिहिलेलं हाय?"

"नावं लिहिलीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असंही लिहिलंय."

"कुठं?"

मी बोट ठेवलं. तू माझ्या बोटाशेजारी तुझं बोट ठेवलंस आणि त्या मुंगीएवढ्या अक्षरांकडं बराच वेळ बघत राहिलीस.

"म्हंजी त्यानं लपवलेलं नव्हतं," तू म्हणालीस. "मलाच दिसत नव्हतं."

त्या वेळी तुला वाट होती. मोटारसायकलवाल्यावर ढकलून मोकळी झाली असतीस, कुणी तुला दोष दिला नसता. तू दीपालीच्या आईसमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ताई, ही चूक मपली हाय. मी न वाचता दिलं. आता ह्या तोंडाला मी ब्लीच लावणार नाय, आन् दुसऱ्या कुणाला लावूबी देणार नाय." त्या माउलीनं जे तोंड सोडलं ते सगळी गल्ली ऐकत होती. दुकान बंद पाडीन म्हणाली, पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही म्हणाली. तू पायात चपला घातल्यास, दीपालीच्या डोक्यावरून ओढणी घेतलीस आणि रिक्षा बोलावलीस. कातडीच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यापर्यंत ती आई शेजारी बसून तुला बोलत होती आणि तू "व्हय ताई, बरोबर हाय ताई" एवढंच म्हणत होतीस.

डॉक्टरीणबाईंनी ते औषध कमी कमी करत सोडायला सांगितलं, वास नसलेलं साधं क्रीम दिलं, उन्हात फिरायचं नाही म्हणून बजावलं. आणि स्पष्ट म्हणाल्या, "अकरा दिवसांत बरं होणार नाही. काही महिने लागतील."

लग्नाला तू स्वतः गेलीस. मी तुझी पेटी धरून मागं. पेटीत होतं काय? डॉक्टरीणबाईंचं क्रीम, काजळ, टिकली, आणि मोगऱ्याचे गजरे. तेवढ्यावर तू नवरी सजवलीस. गाल लालच होते. नवऱ्याकडची एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, "नवरीला पावडर-बिवडर कामून नाय लावली?"

तू गजरा माळता माळता म्हणालीस, "आजी, नवरी हाय, भिंत नाय. चुना कशाला?"

सगळ्यात आधी दीपाली हसली. मग तिच्याभोवतीच्या पोरी, मग ती म्हातारीसुद्धा. त्या हसण्यातला फोटो आजही दीपालीच्या सासरी बैठकीत लावलाय. येणारे-जाणारे म्हणतात, काय लाजलीय पोरगी, गाल बघा कसे लाल झालेत!

लग्न पार पडलं, पण तू स्वस्थ बसली नाहीस. बोटं मोजत बसलीस. आणखी कुणाकुणाला दिली ती ट्यूब? अकरा बाया निघाल्या. मी म्हटलं, फोन करून सांगू. तू माझ्याकडं असं बघितलंस की मी हातातला फोन खाली ठेवला. "द्यायला काय फोनवर दिली व्हती?"

तीन रविवार आपण दोघी फिरलो. काहींनी ट्यूब मुकाट्यानं दिली, काहींनी चार शब्द सुनावले, एकीनं दार लावून घेतलं तर तू बंद दाराला सांगून आलीस. शेवटची मंगल, गंगापूरच्या पलीकडं एका वस्तीवर. गंगापूरपर्यंत एसटी, पुढं जीपमध्ये कोंबून. मंगल कापसाच्या वावरातून नुकतीच आली होती. तुला बघून तिला केवढा आनंद झाला! "काकू, तुमच्या क्रीमनं लई गुण आला बघा."

तू सांगितलंस तसा तिचा चेहरा उतरला. "मी नाय देणार," ती म्हणाली. "माझी सासू मला काळे म्हणून हाक मारायची. आता मंगल म्हणती."

मला वाटलं होतं तू तिला समजावशील, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगशील. पण ओट्यावर शेंगांचा ढीग होता, तू त्याच्याशेजारी बसलीस आणि तिच्याबरोबर शेंगा फोडायला लागलीस. अर्ध्या तासानं तू दीपालीची गोष्ट काढलीस, अगदी हळू, जसं घडलं तसं. मंगल उठून आत गेली, ट्यूब घेऊन आली आणि तुझ्या ओटीत टाकली. "आता मी पुन्हा काळी व्हईन."

"व्हशील," तू म्हणालीस. "आन् मी दर महिन्याला येईन. तुझी सासू काय हाक मारती ते ऐकायला."

आणि गेलीस की गं! वर्षभर, दर महिन्याला, एसटी आणि जीप. पहिले दोन महिने सासूनं तुला पाणीसुद्धा विचारलं नाही. पुढं चहा यायला लागला. संक्रांतीच्या महिन्यात तू परत आलीस ती दारातूनच ओरडत, "संगे, म्हातारी मंगल म्हणाली! सुनेला मंगल म्हणाली, आन् मला कौसाबाई!"

त्याच संक्रांतीला तू मला म्हणालीस, "मला एबीसीडी शिकव." वय बावन्न. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडून तू एक भिंग आणलंस आणि ते गळ्यात दोऱ्यात अडकवलंस, मंगळसूत्राच्या वर. पाटी-पुस्तक तुला नको होतं. "मला जे वाचायचंय त्याच्यावरच शिकव." म्हणून आपण बाटल्यांवर शिकलो. तू एकटीनं, माझ्या मदतीशिवाय वाचलेला पहिला शब्द 'ग्लिसरिन'. खुर्चीत एक बाई बसली होती, तिची एकच भुवई झालेली. तू दोरा दातातून सोडलास आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलीस, "ग्लि-स-रि-न!" ती बाई दचकून उठली आणि एका भुवईनिशी घरी जाता जाता वाचली.

आणि 'अ‍ॅक्वा' आठवतं? बाटल्यांवर सगळ्यात आधी जे जास्त असतं ते लिहितात, पुढं कमी कमी होत जातं, एवढं मी सांगितलं होतं. तू चार महागड्या बाटल्या ओळीनं मांडल्यास. चारही ठिकाणी पहिला शब्द अ‍ॅक्वा.

"हे अ‍ॅक्वा लई भारी दिसतंय. काय असतंय?"

"पाणी."

"कंचं पाणी?"

"पाणी गं. साधं, शुद्ध केलेलं पाणी."

तू इतकी हसलीस की खाली फरशीवर बसलीस. त्यानंतर नळाला दोन दिवसांनी पाणी आलं की तू म्हणायचीस, "संगे, बादल्या लाव, अ‍ॅक्वा आलं."

स्टेरॉइडचं तू स्वतःचं सूत्र काढलंस. असल्या औषधांच्या नावाच्या शेवटी बऱ्याचदा 'सोन' येतं हे तुझ्या लक्षात आलं, आणि येणाऱ्या प्रत्येकीला तू सांगायला लागलीस, "नावात सोन, तोंडाची माती. डॉक्टरला इचारल्याबिगर लावायचं नाय." मी म्हटलं, सगळ्याच औषधांना हे लागू पडत नाही. तू म्हणालीस, "नाय पडू दे. इचारायला तर लावतंय."

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो लॅनोलिनचा दिवस. मी एम.एस्सी.ला होते, थंडी होती, तुझ्या टाचा फुटल्या होत्या. मी एका छोट्या डबीत पिवळसर, चिकट लॅनोलिन आणलं. तू नेहमीसारखा आधी वास घेतलास. पुन्हा वास घेतलास.

"संगे, हे मेंढीचं हाय."

मी बघतच राहिले. लोकरीवरच्या तेलकटपणातूनच ते काढतात, पण हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. तू डबी मांडीवर ठेवलीस आणि मला तुझ्या लहानपणात नेलंस, जिथं माझा बापसुद्धा मला कधी घेऊन गेला नव्हता. आजोबा मेंढ्या कातरायचे आणि तू लोकर दाबून दाबून गाठोडी बांधायचीस. त्या दिवसांत तुझे हात लोण्यासारखे मऊ व्हायचे, पण वास जायचा नाही. शाळेत शेजारी कुणी बसायचं नाही. बाईंनी तुला शेवटच्या खिडकीपाशी बसवलं, वास बाहेर जावा म्हणून. चौथीनंतर तू शाळा का सोडलीस ते मला त्या दिवशी कळलं.

"आन् हे आता बाया ओठाला लावायल्यात व्हय?" तू म्हणालीस. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तू हसत होतीस, दोन्ही एकदम. "आपल्या मेंढरांचा तेलकटपणा, काचेच्या डबीत!" दुसऱ्या दिवसापासून पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईला तुझी सक्ती झाली, आधी डबीचा वास घ्यायचा. "सांगा कशाचा? मेंढीचा! मपल्या बापाच्या दारात ह्याची रास पडायची!" एखादीनं नाक मुरडलं की तुला जास्तच चेव यायचा.

मग तुझे गुरुवार सुरू झाले. गुरुवारी दुपारी गिऱ्हाईक कमी, म्हणून बाया आपापल्या बाटल्या घेऊन यायच्या आणि तू भिंग लावून वाचायचीस. अडलं की मी. समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या शमीमआपा एकदा धावत आल्या. हातात लोशन, चेहरा पडलेला. त्यांच्या लेकीनं वाचून दाखवलं होतं की यात अल्कोहोल आहे. "कौसा, मैं तो ये लगा के नमाज पढ़ रई थी! शराब है क्या इसमें?"

तू वाचलंस, सेटिल अल्कोहोल, आणि माझ्याकडं बघितलंस. मी सांगितलं की ती दारू नव्हे, मेणासारखा पांढरा घट्ट पदार्थ असतो, लोशन दाट आणि मऊ व्हावं म्हणून घालतात. तू आपांचा हात धरलास आणि म्हणालीस, "आपा, फकत नाम का अल्कोहोल है. चढता नहीं. मैंने हुंगके देख्या." आपा असं काही हसल्या की त्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक बघायला इकडं आलं.

आपली भांडणं काय कमी झाली? 'केमिकल नको' या बायांच्या हट्टापायी तू स्वतः कोरफडीचा गर आणि गुलाबपाणी घोटून क्रीम केलंस. मी म्हटलं, यात टिकवणारं काही नाही, बुरशी येईल. तू म्हणालीस, देवानं केलेल्या वस्तूला बुरशी येत नाय. सहाव्या दिवशी झाकण उघडलं तर आत हिरवी लव. तू ती डबी पाठीमागं लपवायला गेलीस, पण मी बघितलं होतं. "हां हां, तुझं खरं," एवढंच म्हणालीस, आणि रात्रीच्या भाकरीवर मला लोणी जास्त वाढलंस. तुझी माफी अशीच यायची.

एका वादात मात्र तू शेवटपर्यंत माघार घेतली नाहीस. मला शेंद्र्याला लोशनच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली, आणि तू रोज संध्याकाळी विचारायचीस, "आज काय ढवळलं?" मी आमच्या लोशनची पहिली बाटली मोठ्या अभिमानानं तुला आणून दिली. तू भिंगाखाली वरपासून खालपर्यंत वाचलंस. शेवटी थांबलीस.

"परफ्यूम. ह्यात काय काय हाय?"

"वास असतो आत्या. बऱ्याच गोष्टी मिळून बनतो. सगळ्यांची नावं लिहीत नाहीत, तसा नियमच आहे."

"पाण्याचं नाव लिवता. मेणाचं लिवता. हिचंच तोंड झाकून कामून आणली?"

मी नियम सांगितले, तू प्रश्न विचारलेस. हे आपलं तीन वर्षं चाललं. तू बरोबर होतीस असं मी कधी म्हटलं नाही, आणि आजही पूर्ण म्हणणार नाही, वासाशिवाय लोक बाटली उचलत नाहीत. पण ज्यांच्या अंगावर पुरळ उठतं त्यांना कशानं उठलं ते कळायला हवं, हे तुझं म्हणणं मला खोडता आलं नाही. हा वाद तू अर्धाच टाकून गेलीस. मला त्याची फार चुटपुट लागलीय. एवढी छान भांडणारी दुसरी कुणी माझ्याकडं नाही.

आता परवाची गोष्ट सांगते, मग थांबते.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आई आणि मी तुझ्या मागच्या खोलीत तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होतो. आई साडीकडं बघतच म्हणाली, "संगे, तुला एक सांगू का? रागावू नको. तुला मी कॉलेजसाठी कौसाताईंकडं ठेवलं हे खरं. पण एक दुसरंबी कारण होतं."

"कोणतं?"

"तू सावळी. मला वाटलं, पार्लरवाली आत्या हाय, चार वर्षांत पोरगी जरा उजळंल. तुला सोडायला आले तवाच मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, ताई, हिला जरा उजळवा."

मी हातातली साडी खाली ठेवली. "मग? आत्या काय म्हणाली?"

आईला सांगताना हसू आवरेना. "म्हणाल्या, 'वहिनी, उजळायला ती काय पितळेचं भांडं हाय व्हय? पोर शिकायला आलीय, शिकू दे. आन् हे तिला कधी सांगू नको.'"

आम्ही दोघी तुझ्या साड्यांच्या ढिगात बसून इतक्या हसलो की बाहेरून बाबा बघायला आले, आता ह्यांना काय झालं म्हणून.

आत्या, हे तू दीपालीच्या आधी म्हणालीस. मंगलच्या आधी, भिंगाच्या आधी, इंग्रजीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं तेव्हा. दारात येऊन मागेल तिला तू तेव्हा गोरं करायच्या ट्यूबा देत होतीस. आणि मला रोज सकाळी त्याच आरशासमोर बसवून, खोबरेल लावून, वेणी घालून कॉलेजला पाठवत होतीस. माझ्या रंगाबद्दल तू कधी एक शब्द काढला नाहीस. इतकी वर्षं मला वाटायचं, तुझं तिकडं लक्षच गेलं नसेल.